हातात दिलेला जॉब

दुपारी अडीचचा भोंगा झाला की नंजप्पा मशीनमधला शेवटचा जॉब काढायचा, चिंधीनं पुसायचा आणि माझ्या तळहातावर ठेवायचा. नुकताच कापलेला धातू, चांगला चटका बसायचा. "बिसी ऐती," म्हणायचा. गरम आहे. मग आपले हात पुसत बाजूला उभा राहायचा.

सात वर्षं आम्ही दोघं एकाच लेथ मशीनवर होतो आणि त्या सात वर्षांत आमचं बोलणं रोज दहा मिनिटांच्या वर गेलं नसेल. एक आठवडा त्याची पहिली शिफ्ट आणि माझी दुसरी, पुढच्या आठवड्याला उलटं. तो निघायचा तेव्हा मी यायचो, मी निघायचो तेव्हा तो. त्याच्या घरी किती माणसं आहेत हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. पण त्याचा हात कसा आहे ते पहिल्या आठवड्यात कळलं होतं, कारण तो ज्या हँडलला हात लावायचा त्यालाच मी लावायचो.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही, लोखंड कापणं माझं काम. पण हा माणूस डोक्यातून जात नाही, आणि ज्यांना सांगावं अशी शॉपमधली, म्हणजे कारखान्यातली, माणसं आता उरली नाहीत. म्हणून लिहितोय. कुठं चुकलं असेल तर असू दे, मी खोडणार नाही.

मी मूळचा बेळगावकडचा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला बेंगळुरूला आलो. कारखाना व्हाइटफील्डच्या रस्त्याला होता. तेव्हा तिथं काचेच्या इमारती नव्हत्या. निलगिरीची झाडं होती, लाल माती होती आणि मधेच एखादा कारखाना. घरात आमची मराठी, बाहेर कन्नड, पण आमची कन्नड आमच्याकडची. 'आहे'ला इकडं "इदे" म्हणतात, आम्ही "ऐती" म्हणतो. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं आणि सगळी लाइन फिदीफिदी हसली. मी मनात म्हटलं, हसा. तेव्हापासून मी शॉपमध्ये बोलणंच कमी केलं. नंजप्पा हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या हातावर गरम जॉब ठेवला आणि अगदी माझ्यासारखं म्हणाला, "बिसी ऐती." मी त्याच्या तोंडाकडे रोखून बघितलं, चेष्टा करतोय का म्हणून. चेष्टा नव्हती. पुढं सात वर्षं तो माझ्याशी तसंच बोलला. दुसऱ्यांशी त्याची ती इकडचीच कन्नड.

दिसायला ठेंगणा, आनेकलकडचा. केस पाणी लावून मागे वळवलेले, शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं. दोन बस बदलून यायचा आणि तरी पंधरा मिनिटं आधी हजर. निलगिरीखाली बसून डब्यातला मुद्दे, नाचणीचा उकडलेला गोळा, खायचा, हात धुवायचा आणि मशीनपाशी यायचा. मला शंकरण्णा म्हणायचा. मी त्याला नुसतं नंजप्पा म्हणायचो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता, तरी.

त्याची पहिली शिफ्ट असली की मला मशीन कसं मिळायचं ते सांगतो. लोखंडाच्या किसाचा एक कण नाही. मशीनच्या पाठीवर तेलाचा पातळ हात फिरवलेला. टूल उगाळून, धार लावून तयार. चिंध्या घडी घालून ठेवलेल्या, वापरलेल्या वेगळ्या. आणि एवढं करून माणूस घरी जाईल की नाही? जायचा नाही. माझा पहिला जॉब निघेपर्यंत उभा. आनेकलच्या वाटेची बस पावणेतीनला सुटायची, ती चुकली की पुढं तासभर काही नाही. आठवड्यातून दोनदा तरी त्याची ती चुकायची. मी म्हणायचो, जा की बाबा, मी काय आज शिकायला आलोय का. तो म्हणायचा, स्वल्प थांबतो, पहिला बघून जातो. पहिला निघाला, मापात बसला की मान हलवायची, पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. सेटिंग त्याचं असायचं ना, म्हणून ते दुसऱ्याच्या हातात नीट चालतंय एवढं त्याला बघायचं असायचं. हे मला आता समजतं. तेव्हा मला वाटायचं, हा माझ्यावर पहारा करतो.

माझी पहिली शिफ्ट असली की मी त्याला जॉब द्यायचा. त्यानं रीत पाडली होती म्हणून मीही हातात द्यायचो. तो काय करायचा, तर लाकडी डबीतनं गेज काढायचा आणि माझा जॉब मोजायचा. गेज म्हणजे पोलादी दांडा. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. मग मशीन चालू करून आपला पहिला जॉब काढायचा, तोही मोजायचा, असं शेजारच्या मशीनवरचे सांगायचे. मग त्या दिवशीचं काम. एक दिवस चुकला नाही. मला ते खुपायचं. मी हातानं काम शिकलेला माणूस, माझा जॉब माझ्यासमोर मोजायचा म्हणजे काय? पण मी थांबायचो कुठं. जॉब त्याच्या हातात पडला की मी गेटकडे. सात वर्षांत एकदाही त्याचा पहिला जॉब बघायला मी उभा राहिलो नाही.

नवीन कामाच्या ड्रॉइंगवर सगळं इंग्रजीत यायला लागलं तेव्हाची एक गोष्ट आहे. मला आकडे कळायचे, पण बाजूला काय काय लिहिलेलं असायचं ते कळायचं नाही. विचारीन तर मी कसला. नंजप्पा माझ्याहून थोडा जास्त शिकलेला. मी कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही, पण नवीन काम आलं की मशीनच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं छोटं चित्र काढलेलं असायचं. कुठं मोठं, कुठं बारीक, कुठं गुळगुळीत, सगळं बाणानं दाखवलेलं. मी एकदा बघायचो आणि लगेच बाहीनं पुसून टाकायचो. दुसऱ्या दिवशी तो त्याबद्दल बोलायचा नाही. मीही बोलायचो नाही. आभार वगैरे आपल्याला जमत नाही.

मग पुण्याचा एक नवा इंजिनिअर आला. तरुण मुलगा, मराठी. मला वाटलं, चला, आपलं माणूस. त्याची मराठी अर्धी इंग्रजी, आणि मला तो काका म्हणायचा, पण कामाचं सगळं हिंदीत बोलायचा. त्यानंच कँटीनमध्ये एक वर्ग ठेवला. कामाच्या ठिकाणी सहकाऱ्यांशी चांगले संबंध कसे ठेवावेत, असा विषय. शहरातून टाय लावलेला एक माणूस आला, त्यानं फळ्यावर गोल काढले, गोलांना बाण जोडले. हसतमुख राहा, दुसऱ्याचं ऐकून घ्या, एकमेकांचे वाढदिवस लक्षात ठेवा. मागून कुणीतरी म्हणालं, माझा वाढदिवस माझ्या आईलाच ठाऊक नाही. टायवाल्यानं मग एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात केली, तुम्ही जोडीदाराशी संबंध कसे ठेवता. नंजप्पाची पाळी आली. तो उठला, गळ्याचं बटण चाचपलं आणि म्हणाला, मशीन पुसून ठेवतो.

टायवाला पुढचं ऐकायला थांबला. "आणखी?"

"आणखी काही नाही साहेब. घाण ठेवली तर हा शिव्या देईल." माझ्याकडे बोट केलं आणि खाली बसला.

सगळे हसले, मीही हसलो. टायवाल्यानं फळ्यावर त्याचं उत्तर लिहिलं नाही.

त्याच साली बातमी आली की कॉम्प्युटरवर चालणारं नवीन मशीन येणार. आमचं लेथ निघणार. दोघांपैकी एकाला नवीन मशीन शिकवणार, दुसऱ्याला यार्डात भंगार निवडायला पाठवणार, आणि यार्ड म्हणजे पुढं घरचाच रस्ता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोण राहणार ते सांगितलं नव्हतं. नंजप्पा रोजच्यासारखा मशीन पुसून ठेवत होता. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. माझ्या पोरीचं लग्न ठरत होतं, गावी घराचं छप्पर काढलेलं होतं. मनात म्हणायचो, हा थांबून राहतो तो साहेबाला दिसावं म्हणून.

अशात एक दिवस गिऱ्हाइकाची माणसं शॉप बघायला आली. नेमकी अडीचला आमच्या मशीनपाशी. मी नंजप्पाच्या हातात जॉब दिला, त्यानं रोजच्यासारखं गेज काढलं आणि मोजला. इंजिनिअर हसत मराठीत म्हणाला, "काय काका, यांचा तुमच्यावर भरवसा नाही वाटतं?" पाहुण्यांनाही इंग्रजीत सांगितलं असणार, तेही हसले.

पोरगं गमतीनं बोललं असेल. माझ्या डोक्यात ते गेलं ते गेलंच. दुसऱ्या दिवशी मी नंजप्पाला विचारलं, सात वर्षं झाली, अजून माझा जॉब मोजतोस?

"तुझा कुठं मोजतो, शंकरण्णा," तो म्हणाला. "मशीनचा मोजतो. लोखंड आहे, त्याचा काय भरवसा."

"मशीन माझ्याच हातात होतं," मी म्हणालो, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणं टाकलं. तीन दिवस मी जॉब त्याच्या हातात दिला नाही. मशीनच्या डोक्यावर ठेवायचा आणि पिशवी उचलायची. तो हात पुढे करून उभा असायचा, मग तो हात तसाच जॉबकडे न्यायचा. तिन्ही दिवस मोजायचा मात्र.

चौथ्या दिवशी मशीनवर गनमेटलचे मोठे बुश, म्हणजे पितळेसारख्या धातूच्या जाड नळ्या, लागले होते. ओतीव माल गिऱ्हाइकानं दिलेला, मोजका, एक वाया गेला तर दुसरा मिळणार नाही असा. आत भोक कापायचं. आमची पद्धत अशी की मशीनची डायल शून्यावर आली की माप बरोबर यावं, असं सेटिंग करून ठेवायचं. पुढच्यानं डोळे झाकून शून्यावर आणलं तरी जॉब मापात. त्या दिवशी दोन वाजता माझ्या टूलचं टोक उडालं. मी नवीन टोक लावलं. आता माप शून्याच्या आठ रेषा अलीकडे येत होतं. डायल पुन्हा शून्यावर बसवायला पाच मिनिटं लागतात. मी म्हटलं, अर्धा तास राहिलाय, आठ रेषा डोक्यात ठेवीन. ठेवल्या, आणि चार जॉब अचूक काढले.

भोंगा झाला. नंजप्पा आला, हात पुढे केला. मी जॉब मशीनच्या डोक्यावर ठेवला. त्यानं तो उचलला, मुठीत धरला. मग गेज काढलं. काढून माझ्याकडे बघितलं, आणि परत डबीत ठेवून झाकण लावलं.

"सरी, शंकरण्णा," म्हणाला. म्हणजे, बरं. "आता नाही मोजत. तुझा हात तो माझा हात."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. चार दिवसांनी का होईना, वाकला. मी पिशवी उचलली आणि निघालो.

कार्ड पंच करायच्या घड्याळापाशी रांग होती. माझा नंबर आला, कार्ड हातात होतं, आणि मला आठ रेषा आठवल्या. मागे वळून बघितलं तर नंजप्पा मशीनच्या चकमध्ये बुश बसवत होता. साठ पावलं असतील. जायचं आणि म्हणायचं, नंजप्पा, आठ रेषा अलीकडे. पण मग मीच आधी बोललो असं झालं असतं. वर सगळ्या लाइनसमोर सांगायचं की मी डायल शून्यावर न बसवता निघालो. मी स्वतःशी म्हटलं, त्याचा पहिला तो मोजेलच, मोजल्याशिवाय राहणार नाही. मागचा म्हणाला, अण्णा, होऊ दे की लवकर. मी कार्ड घातलं. घड्याळ वाजलं.

त्यानं पहिला मोजला नाही. शब्द दिला होता ना, आणि माझ्या सेटिंगवरचा जॉब मोजणं म्हणजे मलाच मोजणं. साडेचारच्या चहाला निघताना सवयीनं हात डबीकडे गेला, तोवर बावीस बुश झाले होते. बावीसही भोकं आठ रेषांनी मोठी. बाहेरनं जास्त राहिलं असतं तर परत कापता येतं, भोक मोठं झालं की त्याला इलाज नाही. ट्रे उचलून तो स्वतः इंजिनिअरकडे घेऊन गेला, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. इंजिनिअरनं आधी मला मराठीत विचारलं, काका, टूल तुम्ही बदललं ते यांना सांगितलं होतं ना? नंजप्पाला मराठी येत नव्हती. मी काय उत्तर देतो ते त्याला कळणारही नव्हतं. मी टेबलाकडे बघत राहिलो. तेवढ्यात नंजप्पाच बोलला, मोडक्या हिंदीत. प्रश्न काय असणार ते त्याला न कळण्यासारखं नव्हतंच.

"इसने बोला था साहेब. मैं भूल गया."

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकाराची.

महिन्याभरानं नवीन मशीन आलं, मला त्याच्यावर घेतलं. नंजप्पा यार्डात गेला. उन्हात बसून पितळ वेगळं, लोखंड वेगळं करायचा. वेगवेगळ्या टोपल्या, एकात एक कण दुसऱ्याचा नाही. आमचं लेथ विकायला काढलं होतं, ताडपत्री टाकून कोपऱ्यात ढकललेलं. जेवणाच्या सुट्टीत एकदा बघितलं तर तो ताडपत्री वर करून त्याच्या पाठीवर तेलाचा हात फिरवत होता. मी दुसऱ्या दारानं गेलो. मग कंपनीनं स्वखुशीनं जायची योजना काढली, आणि तो गेला. निरोपाचा कार्यक्रम वगैरे यार्डातल्या माणसाचा करत नाहीत.

नवीन मशीनवर मी बटणं दाबायला शिकलो. ते स्वतःचं माप स्वतः घ्यायचं. शिफ्ट बदलताना पुढचा माणूस यायचा, काचेवरचे आकडे बघायचा, मी निघायचो. माझ्या हातावर कुणी काही ठेवत नव्हतं. थांबायचं तर लांबच. बोलायचं कुणाशी, तर इतकी वर्षं मी कुणाशी बोललोच नव्हतो. शॉपमध्ये माझा एकच माणूस होता.

त्या बावीसांतला एक बुश भंगाराच्या पेटीतनं मी उचलून ठेवला होता. वर्ष-दीड वर्षानं एका रविवारी तो खिशात घालून आनेकलची बस धरली. मी त्याला सांगितलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं. पण घड्याळापाशी मला आठवलं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढं सांगायचं आणि परत यायचं, असं ठरवून गेलो.

बस स्टँडच्या मागे पत्र्याची शेड, चार मशीनं. तो तिथं कामाला लागल्याचं कानावर आलं होतं. रविवारीही काम चालायचं. नंजप्पा भोकं पाडायच्या मशीनवर होता, केस तसेच मागे, पण पांढरे. त्याची पाळी संपत होती. मशीन पुसून झालं, बदलीचा माणूस आला, नंजप्पानं त्याच्या हातावर जॉब ठेवला. त्या माणसानं न बघता तो ट्रेमध्ये टाकला आणि रेडिओ लावला. नंजप्पा तरी थांबला. पहिला निघाला, मान हलवली, मग वळला आणि मला बघितलं.

आनंद झाला त्याला, खोटा नव्हे. बाहेर टपरीवर नेलं. चहाचा ग्लास माझ्या हातात देताना म्हणाला, "बिसी ऐती." दीड वर्षानंतरसुद्धा. पोरीच्या लग्नाचं विचारलं, नवीन मशीनचं विचारलं, त्याला तेल कुठलं लागतं ते विचारलं. मी सांगत होतो. खिशात हात घालून बुश घट्ट धरला होता. बाहेर काढायचं धाडस गोळा करत होतो, तोवर तोच बोलला.

"त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नकोस, शंकरण्णा. तू विसरलास. माणूस विसरतो. विसरलाच होतास ना?"

माझ्याकडे सरळ बघत होता. केबिनमध्ये माझ्यासाठी खोटं बोलला तेव्हा माझ्याकडे त्यानं बघितलं नव्हतं. आता बघत होता, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार होता.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."

त्यानं मान हलवली. पहिला जॉब मापात बसल्यावर हलवायचा तशी.

परतीच्या बसपर्यंत तो आला. मी म्हटलं, जा आता, घरी जेवायला थांबले असतील. स्वल्प थांबतो, म्हणाला. गाडी सुरू व्हायला वेळ लागला, ड्रायव्हर चहाला गेला होता. तो उन्हात खिडकीखाली उभा. मी एकदा तोंड उघडलं, त्यानं मान वर केली, आणि मी तिकिटाचं काहीतरी बोललो. गाडी सुरू झाली, स्टँडातनं बाहेर निघून नीट रस्त्याला लागली, तेव्हा मागे बघितलं. गाडी रस्त्याला लागलेली बघून मगच तो घरच्या बाजूला वळला.

त्यानंतर मी त्याला बघितलं नाही. होसूर रोड मागे पडल्यावर कधीतरी खिशातनं हात काढला. बुश चांगला गरम झाला होता, माझ्याच मुठीत.